नाई दुमारिस माफी मागायला आली

मी संशयी माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद नको. दुकानदाराने माप जरा वर भरून दिलं तर मला वाटतं तांदूळ जुना असणार. पाळकसाहेबांनी हसून विचारपूस केली तर वाटतं आता कसलं तरी काम गळ्यात पडणार. माझी बायको म्हणते, "तुम्हाला आरशातल्या माणसाचासुद्धा संशय येतो." येतो. पण एकदा जिथे यायला हवा होता नेमका तिथेच आला नाही.

ही हकिगत मात्र माझी नाही, नाई दुमारिसची आहे. मी तिच्यात फुकटचा घुसलोय.

तिचं माहेरचं नाव मलाही आठवून सांगावं लागेल. आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची नावं मागे पडतात. दुमारिस जन्मली तेव्हापासून ती नाई दुमारिस, दुमारिसची आई. तसा मी आमानी बिंसार, बिंसारचा बाप; नातवंड झालं की आजी असो की आजोबा, ओम्पु. समोरासमोर हाक मात्र बाईला इनांग, पुरुषाला आमांग, म्हाताऱ्याला ओम्पुंग. सरोवराच्या पलीकडच्या काठावरून लग्न होऊन ती आमच्या लुम्बान पिनासा गावात आली. नवरा माझा मामेभाऊ. गळा गोड, पण निम्मा संसार ताडीच्या दुकानात. दुमारिस नऊ वर्षांची असताना तो छातीच्या दुखण्याने गेला. मग या बाईने खांबांवरच्या घराखाली माग लावला आणि शाली विणायला बसली. वर डोंगरात थोडी रताळी, खाली दोन वाफे कांदा, दारात एक डुक्कर. एवढ्यावर तिने मुलगी शिकवली. दुमारिस आता मोठ्या शहरात परिचारिका आहे, आईला तिकडे ये म्हणते, आई जात नाही.

तिच्या शालींबद्दल सांगायला हवं. आठवडी बाजारात गिऱ्हाइकाने घडी उलगडायच्या आत ती स्वतःच बोट ठेवून दाखवायची, इथे धागा तुटलाय, इथे रंग फिका उतरलाय. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. लहान दोष दाखवते म्हणजे मोठा कुठेतरी लपवला असणार. दोन बायका तिची शाल उन्हात धरून खालवर करून बघताना मी पाहिल्या आहेत. त्यांच्या मागे उभा राहून बघणारा तिसरा मी होतो.

पण गावाला तिचा खरा संशय यायचा तो दुसऱ्याच गोष्टीवरून. आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन वर्षातून दोन-तीनदाच असतं, त्यात उत्तम शुक्रवारचं मोठं. त्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी मिटवून या, असं पाळक दर वर्षी सांगतात आणि आम्ही दर वर्षी माना डोलावतो. ही बाई ते खरंच करायची. त्या आठवड्यात सोमवारी ती पाण्याकाठच्या पहिल्या घरापासून सुरुवात करायची आणि एकेक घर करत वर चढायची. अठ्ठावीस घरं. माझं घर सगळ्यांत वर, म्हणून माझी पाळी गुरुवारी. शिडीच्या पायथ्याशी उभी राहायची, वर ये म्हटलं तरी यायची नाही. म्हणायची, "या वर्षात माझ्याकडून तुमचं काही वाईट झालं असेल, माझ्या मनात तुमच्याविषयी वाईट आलं असेल, तर मला माफ करा." बस. कशाबद्दल ते नाही. समोरचा म्हणायचा, केलं बाई माफ. आणि तिची पाठ वळली की कोंबड्या मोजायचा.

कारण सरळ आहे. कर नाही त्याला डर कशाला? काही केलंच नसेल तर माणूस माफी मागत दारोदार का फिरेल? एका वर्षी आमानी रोंगाप घरात नसताना ती त्याच्या बायकोची माफी मागून गेली. त्या बायकोने नवऱ्याला दोन दिवस जेवायला वाढलं नाही. ती बाई माझी माफी का मागते ते तुम्हीच सांगा, म्हणाली. आमानी रोंगाप बिचारा ताडीच्या दुकानात उकडलेले शेंगदाणे खाऊन राहिला.

हे तिने कधीपासून सुरू केलं ते गावाला पक्कं ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. मी बोलतो. बत्तीस वर्षं झाली. तिच्या शेजारी ओम्पु रुगुन नावाची म्हातारी एकटी राहायची. एक दिवस झऱ्यावर पाणी भरताना नाई दुमारिस इतर बायकांना म्हणाली की, काल संध्याकाळी म्हातारी चुलीमागे पानावर भात ठेवून कुणाशी तरी बोलत होती, आणि तिथे माणूस तर कुणी नव्हतं. एवढंच बोलली. त्याच महिन्यात गावात एक तान्हं मूल दगावलं होतं. दुपारपर्यंत गावभर झालं की म्हातारी भूत पाळते. आमच्याकडे हा आळ चोरीपेक्षा वाईट. चोराला मारून सोडून देतात, भूत पाळणाऱ्याचं घर ठेवत नाहीत. दोन दिवसांनी म्हातारीच्या घरावर दगड पडले आणि छप्पर उतरवलं गेलं. ती एक गाठोडं घेऊन होडीत बसली, पलीकडे मुलीकडे गेली आणि वर्षाच्या आत तिथेच मेली. घर साफ करायला गेले तेव्हा चुलीमागच्या टोपलीत एक आंधळी कोंबडी सापडली. म्हातारी तिला भात घालायची आणि तिच्याशी बोलायची.

दगड मीही मारला होता. एकच. तो लागला की नाही हे मी पाहिलं नाही, पाहायला थांबलोही नाही. गावाने मग सोयीने ठरवलं की, दोष त्या बाहेरून आलेल्या सुनेचा, नाई दुमारिसचा, तिनेच तोंड उघडलं. आणि त्या वर्षीपासून ती दारोदार फिरू लागली. शेवटी माझ्या घरून उतरली की म्हातारीच्या पडक्या जोत्यापाशी जाऊन उभी राहायची. तिथे आता चार खांबांचे बुंधे आणि गवत आहे. तिथे ती काय करते याबद्दलही लोकांना संशय होताच.

आता मागच्या वर्षीचं सांगतो. उत्तम शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी सकाळी ओम्पु पारुलियानच्या तळ्यातले मासे पोट वर करून तरंगले. सगळे. चाळीसेक मोठे मासे, नातीच्या लग्नासाठी दोन वर्षं पोसलेले. लेकीला लग्नात माहेरच्यांनी अख्खा मासा वाढायचा ही आमची रीत, आणि लग्न सहा आठवड्यांवर आलेलं. म्हातारा तळ्याच्या बांधावर बसून राहिला. मासे पुरले, कुत्र्यांनासुद्धा घातले नाहीत. कुणीतरी विष घातलं याबद्दल दुमत नव्हतं, फक्त कुणी ते ठरायचं होतं. मी मंडळीचा पंच असल्यामुळे संशयितांची यादी माझ्याकडे तयारच होती. तिच्यात सात नावं होती.

आणि सोमवारी सकाळी, पाण्याकाठचं पहिलं घर म्हणून, नाई दुमारिस ओम्पु पारुलियानच्याच शिडीशी जाऊन उभी राहिली. माझ्या मनात तुमच्याविषयी वाईट आलं असेल तर मला माफ करा, म्हणाली. एकतीस वर्षं म्हणत होती तेच. म्हाताऱ्याच्या हातातला कॉफीचा पेला खाली पडला. दुपारी माझ्या यादीतली सहा नावं मी खोडली.

मंगळवारी देवळात पंचांची बैठक झाली. पाळकसाहेब तरुण, आमच्याकडे येऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं प्रेमाने विचारलं की माणूस बोलतो. नाई दुमारिसला बाकावर बसवलं. तिने विणकामाचा निळा हात तसाच पदरात घेतला होता, रंग धुवायलाही वेळ मिळाला नसावा.

ओम्पु पारुलियानने विचारलं, माफी कशाबद्दल मागितली? ती म्हणाली, मनात वाईट आलं होतं त्याबद्दल. काय वाईट? तर म्हणाली, "ते सांगितलं तर माफी राहणार नाही, ओम्पुंग, भांडण होईल." विष तू घातलंस का? नाही. मग मी विचारलं, कारण मला वाटलं इथेच कुठेतरी पाणी मुरतंय, "कुणी घातलं ते तुम्हाला माहीत आहे का, इनांग?"

बाकीच्या प्रश्नांना लगेच उत्तर देत होती, इथे थांबली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "मला अर्धं माहीत आहे. अर्धं माहीत असलेलं मी एकदा बोलले होते. आता बोलत नाही."

तिला बाहेर बसवून आम्ही दीड तास बोललो. ठरलं असं की शुक्रवारपर्यंत तिने सगळं सांगावं. नाही सांगितलं तर प्रभुभोजनाच्या आधी भर देवळात तिचं नाव वाचायचं आणि तिला मंडळीबाहेर ठेवायचं. एकदा नाव वाचलं की प्रभुभोजनाच्या मेजाला जागा नाही. आणि तसंच मरण आलं तर घंटा वाजत नाही, कबरीवर पाळक येत नाही. शिवाय आमच्या गावात देवळाने बाहेर काढलेल्या बाईला घर किती दिवस ठेवू देतील हेही सगळ्यांना कळत होतं. ताडीच्या दुकानात तोवर सुरू झालंच होतं की, विष वगैरे काही नाही, हे तिच्या भुताचं काम. म्हातारीचं भूत तिने तेव्हाच आपल्याकडे घेतलं असणार. शुक्रवारी सूचना वाचायची पाळी माझी होती. तोवर पुरावा गोळा करायचं कामही मी आपण होऊन अंगावर घेतलं.

बुधवारी जेवण झाल्यावर मी तळ्यावर गेलो. विष तळ्यात पडलं की तळ्यात येणाऱ्या पाण्यात, असा विचार मी केला, आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं. पाणी कुठून येतं ते बघायला लागलो तर बांधात एक बांबूचा नळ दिसला, हिरवागार, नवा. ओम्पु पारुलियानने पंधरा दिवसांपूर्वी तो टाकला होता आणि गावाला सांगितलं नव्हतं, कारण तो नळ ज्या पाटातून पाणी घेत होता त्या पाटावर त्याची पाळी नव्हती. इथे मला जरा बरंच वाटलं. म्हातारा धुतल्या तांदळासारखा नाही तर. मी नळाच्या कडेने वर चढत गेलो. आमानी रोंगापचं भाताचं खाचर ओलांडलं, बांबूचं बेट ओलांडलं. नळ वरच्या पाटाला येऊन मिळाला. पाटाच्या कडेने आणखी पन्नास पावलं गेलो आणि फणसाखालच्या सपाट दगडाशी येऊन थांबलो.

दगडाच्या बेचक्यात औषधाच्या बाटलीचं निळं झाकण अडकलं होतं. त्याच्या कडेला दातांचे व्रण होते. मी झाकण दातांनी उघडतो. बायको त्यावरून रोज बोलते.

तेव्हा आठवलं. आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मी कांद्यावर औषध मारलं होतं. पाठीवरचा पंप घरी नेऊन खड्ड्यावर धुवायचा असतो. पाटात पंप धुवायचा नाही हा नियम देवळात मागच्याच वर्षी वाचून दाखवला होता, आणि वाचणारा मीच होतो. पण त्या दिवशी पंचांच्या शास्त्रपाठाला उशीर होत होता. माझा विषय होता, जिभेवर ताबा. मी म्हटलं एकदा विसळल्याने काय होतंय, हे पाणी तर खाली भाताला जातं. पंप विसळला, पाय धुतले, आणि शास्त्रपाठाला जाऊन बरं बोललो.

मी झाकण खिशात घातलं. घालताना इकडेतिकडे पाहिलं, आणि समोरच्या रताळ्याच्या वाफ्यात नाई दुमारिस उभी होती. कुदळ हातात, माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली, तिनेही हलवली. मी घरी आलो.

त्या दिवसाचं उरलेलं सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. पश्चात्ताप वगैरे नंतर आला. आधी संशय आला, तिचाच. हिने मला शुक्रवारी पंप धुताना पाहिलं असणार, हिचा वाफा समोरच आहे. मग मंगळवारी बोलली का नाही? अर्धं माहीत आहे म्हणताना माझ्याकडे का बघत होती? म्हणजे हिला काहीतरी हवंय. पाटाची पाळी हवी असेल. दुमारिससाठी माझा बिंसार हवा असेल, तो अजून बिनलग्नाचा आहे. की भर देवळात, मी तिचं नाव वाचत असताना, उठून बोलायचा बेत आहे? हे शेवटचं मला खरं वाटलं, कारण तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर सबंध अंगाला खाज सुटली होती. बायकोने विचारलं, पिसवा झाल्यात का?

गुरुवारी दुपारी ती आली. वरच्या सगळ्या घरांनी त्या दिवशी तिला बघून दारं लावून घेतली होती, ती लावलेल्या दारांसमोर उभं राहून बोलून आली होती. मी मात्र शिडीवरच बसलो होतो. म्हटलं, काय मागते ते एकदाचं कळू दे.

"आमांग," ती म्हणाली, "या वर्षात माझ्याकडून तुमचं काही वाईट झालं असेल, माझ्या मनात तुमच्याविषयी वाईट आलं असेल, तर मला माफ करा."

एकतीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं ते मी विचारलं. "कशाबद्दल?"

ती शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही पंप धुतलात ते मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मासे मेले. मी म्हटलं, यांनी मुद्दाम केलं. पाटाच्या पाळीवरून तुमचं आणि ओम्पुंगचं दोन वर्षं वाजतंय, त्याचा सूड घेतला. शनिवारपासून कालपर्यंत मी तुम्हाला मनात खुनी म्हणत होते. प्रार्थनेला बसले तरी म्हणत होते. काल तुम्ही नळ धरून वर आलात, झाकण उचललंत, तेव्हा तुमचं तोंड पाहिलं. तुम्हाला माहीत नव्हतं. मी चुकले होते. त्याची माफी."

मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, "उद्या देवळात सांगणार का?"

"माझं सांगून झालं," ती म्हणाली.

"ते तुमचं नाव वाचणार आहेत, इनांग."

"तुम्ही वाचणार आहात," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माफ केलंत का तेवढं सांगा. मला अजून खाली म्हातारीच्या जोत्याशी जायचंय."

मी म्हटलं, केलं. तसा मी त्या बाईला माफ करून मोकळा झालो आणि ती उतरून गेली. मी शिडीवर बसूनच राहिलो. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, दगड मारला तेव्हाही नाही. आणि त्या लाजेच्या खाली, खोटं कशाला बोलू, अजूनही वाटत होतं की बाई हुशार आहे, हा तिचा डावच असेल.

शुक्रवारी देऊळ भरलं होतं. काळे कपडे, मेजावर पांढरं कापड. नाई दुमारिस तिच्या नेहमीच्या जागी, डावीकडे तिसऱ्या बाकावर, आणि तो बाक तिच्याशिवाय रिकामा. पाळकसाहेबांनी मला कागद दिला. मी पंचाचा झगा सावरून उभा राहिलो. आधी आजाऱ्यांची नावं वाचली, मग साफसफाईच्या पाळ्या, मग ओम्पु पारुलियानच्या नातीच्या लग्नाची सूचना. मग शेवटची ओळ आली. मी तिच्याकडे पाहिलं. ती उठायच्या बेतात असेल असं मला तोवर वाटत होतं. ती खाली मान घालून बसली होती आणि हातातल्या गीतांच्या पुस्तकाची सुटलेली शिवण बोटाने आत ढकलत होती. तिचा काही बेत नव्हता. ती नुसती बसली होती, नाव ऐकायला.

मी वाचलं. "आमानी बिंसार, मंडळीचा पंच, याने वरच्या पाटात औषधाचा पंप धुतला. त्याने ओम्पु पारुलियानचे मासे मेले. बुधवारी ते त्याला कळलं आणि त्याने लपवलं. आज तो मेजाला बसणार नाही."

झगा काढून बाकावर ठेवला आणि मागे जाऊन दाराशी बसलो. माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. ती शेजारणीला म्हणाली, "चष्मा घरी राहिला वाटतं यांचा."

लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला असेल असं समजू नका. संध्याकाळपर्यंत ताडीच्या दुकानात ठरलं की, नाई दुमारिसने मला भारलं. गुरुवारी ती माझ्या शिडीशी पाव तास उभी होती, ते चौघांनी पाहिलं होतं. कर्त्या पुरुषाने उगीच स्वतःचं नाव का वाचावं? आग असल्याशिवाय धूर निघत नाही. शनिवारी मी ओम्पु पारुलियानकडे गेलो आणि झाकण त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते नाकाशी धरलं, दातांचे व्रण पाहिले, माझ्या दातांकडे पाहिलं.

"मुद्दाम केलंस?" त्याने विचारलं.

"पंप चुकून धुतला, ओम्पुंग. गप्प मुद्दाम बसलो."

त्याने मला शिव्या दिल्या, बऱ्याच, आणि त्या खऱ्या होत्या. नातीच्या लग्नाला मी दोन गावं हिंडून मासे आणले, तळ्यात नवी पिल्लं सोडली. म्हाताऱ्यानेही मग त्या चोरट्या नळाचं पंचांसमोर कबूल केलं. भुताच्या गोष्टी महिनाभर चालल्या आणि कांद्याचा भाव पडल्यावर लोकांना दुसरा विषय मिळाला. नाई दुमारिसचा बाक पुन्हा भरला. कुणी तिची माफी मागितली नाही. तिच्यावर आपण आळ घेतला होता हेच कुणाला आठवत नव्हतं. मी सहा महिने झग्याशिवाय मागच्या बाकावर बसलो.

या वर्षी त्या आठवड्यात मी खालून सुरुवात केली. पाण्याकाठच्या घरापासून. पहिल्याच दारात म्हाताऱ्याने विचारलं, "आता आणखी काय केलंस?" पुढच्या घरातही तेच. आमानी रोंगाप म्हणाला, थांब, आधी डुकरं बघून येतो. अठ्ठावीस घरं म्हणजे किती ते मला एकतीस वर्षांत कळलं नव्हतं. दर शिडीशी तोंड सुकतं, आणि प्रत्येक घरावर मनात काय काय आलं होतं ते त्या घरासमोरच आठवतं. माझ्याकडे आठवायला पुष्कळ होतं. म्हातारी ओम्पु रुगुनच्या जोत्याशीही उभा राहिलो. गवतात उभं राहून मी त्या एका दगडाचं सांगितलं.

शेवटचं घर नाई दुमारिसचं ठेवलं होतं. ती घराखाली मागावर बसली होती. पट्टा कमरेला, समोर अर्धी शाल. मी म्हटलं, "इनांग, माझ्याकडून तुमचं वाईट झालं. मनातही आलं, फार आलं. मला माफ करा."

वाटलं होतं लगेच म्हणेल. दुसऱ्यांकडून एकतीस वर्षं मागणारी बाई, तिला द्यायला काय लागतं? तिने धागा ओढून बसवला, फणी ठोकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बाजारात शालीकडे बघतो.

"पंप आता कुठे धुता?" तिने विचारलं.

"घरामागे. खड्डा खणलाय."

"किती खोल?"

"कमरेएवढा."

तिने कमरेचा पट्टा सोडला, माग बाजूला ठेवला आणि उठली. "चला," ती म्हणाली, "दाखवा."